वाढदिवसाला वर्गातलं कोणी नको म्हणते

नाशिकरोडहून एका आईचं पत्र आलंय. नाव काढून सार देते. मुलगी आठ वर्षांची, तिसरीत. अडीच-तीन वर्षांची असल्यापासून डावा डोळा आत वळतो. मोठ्या प्लस नंबरचा चष्मा आहे, तो घातला की डोळा बराच सरळ येतो पण पूर्ण नाही. वर्गातली मुलं 'लंडन-टोकियो' म्हणून चिडवतात आणि 'चष्मिश' पण म्हणतात, म्हणून ती चष्मा दप्तरात काढून ठेवते, मग डोळा आणखीच आत जातो. गॅदरिंगच्या लेझीममध्ये बाईंनी मागच्या रांगेत उभं केलं. घरात काका लाडाने 'चकू' म्हणतो. आजी म्हणतात असा डोळा भाग्याचा, हात लावू नका. वडील म्हणतात ऑपरेशन काय दिसण्यासाठीच असतं, लग्नाच्या वेळी बघू. शेजारच्या एका काकूंनी तर विचारलं की पोटात असताना ग्रहण पाळलं नव्हतं का. आई मुलीसमोर हा विषय कधीच काढत नाही, तिला वाईट वाटेल म्हणून, आणि स्टेटसला तिचे बाजूला बघतानाचेच फोटो ठेवते. पुढच्या महिन्यात वाढदिवस आहे आणि मुलगी म्हणते वर्गातलं कोणीच बोलवू नको, फक्त मावशीची मुलं. आईचे प्रश्न दोन: शाळा बदलू का? की आत्ताच ऑपरेशन करून टाकू, म्हणजे एकदाचं संपेल?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मूळ पत्र चार पानी आहे. त्यात सासूबाई काय म्हणाल्या, दीर काय म्हणाले, काकू, बाई, वर्गातली पोरं, सगळं अगदी शब्दाला शब्द आहे. आणि डोळ्यांचे डॉक्टर काय म्हणाले याची एकच ओळ, "दीड वर्षापूर्वी नंबर काढला होता". रागावत नाहीये हं. हे असंच होतं, कारण तिरळेपणा ज्याला असतो त्याला तो आरशाशिवाय दिसतच नाही, दिसतो तो बाकीच्यांना, आणि मग त्याबद्दलचं सगळं बोलणंही बाकीच्यांच्याच ताब्यात जातं. म्हणून मी आधी डोळ्याचं बोलणार, लोकांचं नंतर.

तुम्ही जे वर्णन केलंय, म्हणजे प्लस नंबर, अडीच-तीन वर्षांपासून सुरुवात, चष्म्याने डोळा बराच सरळ, त्यावरून साधारण काय असावं ते सांगते, खरं निदान डॉक्टरच करतील. नाकासमोर बोट धरून बघा, दोन्ही डोळे आत येतात की नाही? जवळचं स्पष्ट बघायला डोळ्यातलं भिंग जोर लावतं आणि त्या जोरासोबत डोळे आत वळतात, ही जोडी प्रत्येकाच्याच डोळ्यात बांधलेली असते. ज्या मुलाला मोठा प्लस नंबर आहे त्याला लांबचं बघायलासुद्धा तो जोर सारखा लावावा लागतो, त्यात काही मुलांचा एक डोळा आतच जातो. चष्मा तो जोर स्वतःवर घेतो म्हणून डोळा सरळ येतो. यात ग्रहणाचा काही संबंध नाही. तुम्ही ग्रहणात भाजी चिरली असेल, बाहेर पडला असाल, झोपला असाल, त्याने डोळ्याचा नंबर ठरत नाही. काकूंना हे समजावत बसू नका, तुम्ही स्वतः मात्र ते ओझं आज खाली ठेवा.

घराण्यात असू शकतं, ते वेगळं. माहेरी कोणाला नाही असं तुम्ही लिहिलंय, सासरी विचारलंय का? आणि नुसतं विचारू नका, जुने अल्बम काढा आणि कोण कोण कायम बाजूलाच बघतंय ते बघा. हसू नका, खरंच सांगते, आपल्याकडे तिरळेपणा असाच लपवला जातो आणि तुम्ही स्टेटसच्या फोटोंचं जे करताय तेच कोणीतरी चाळीस वर्षांपूर्वी रोल धुवून आल्यावर केलेलं असेल.

आता 'लग्नाच्या वेळी बघू'. मिस्टरांना बसवून हे वाचून दाखवा. एक डोळा वेगळ्या दिशेला असला की मेंदूकडे दोन न जुळणारी चित्रं जातात, मोठ्या माणसाला अशा वेळी एकाचे दोन दिसतात, पण लहान मुलाचा मेंदू हुशार, तो वळलेल्या डोळ्याचं चित्र घ्यायचंच बंद करतो. मुलाला त्रास काही होत नाही, म्हणून ते तक्रार करत नाही, आणि त्या डोळ्याची नजर वाढायची थांबते. याला सगळे 'आळशी डोळा' म्हणतात. नजरेची ही जडणघडण मुख्यतः सात-आठ वर्षांपर्यंत चालते. म्हणजे तुमची लेक अगदी त्या उंबरठ्यावर आहे, आणि घरात वाट बघणं चाललंय पंचविशीची! तोपर्यंत डोळा सरळ करता येईलही, पण गेलेली नजर ऑपरेशनने येत नाही. डोळा म्हणजे काही मंगळसूत्र नाही की मुहूर्त जवळ आला की करायला टाकू.

घाबरवत नाहीये. उशीर झाला म्हणून हात टेकायचंही कारण नाही. अमेरिकेतल्या बालनेत्रतज्ज्ञांच्या एका गटाने मोठ्या मुलांवर केलेला अभ्यास 2005 साली छापून आला. त्यात 7 ते 12 वयाच्या ज्या मुलांना चष्म्यासोबत चांगल्या डोळ्यावर पट्टी आणि त्याच डोळ्यात थेंब दिले, म्हणजे दुसऱ्याला काम करावं लागतं, त्यातल्या निम्म्याहून थोड्या जास्त मुलांची नजर चांगली सुधारली, नुसत्या चष्म्यावर ठेवलेल्यांपैकी साधारण पाव मुलांची. म्हणजे नुसता चष्मासुद्धा नियमित घातला तर काही मुलांना फरक पडतो, आणि तुमची लेक नेमका तोच दप्तरात ठेवतेय. त्यामुळे येत्या आठवड्यात लहान मुलांचे डोळे बघणाऱ्या, तिरळेपणाचं काम करणाऱ्या डॉक्टरांची वेळ घ्या. दुकानात मशीनवर नंबर काढणं वेगळं आणि ही तपासणी वेगळी. खाजगीत परवडत नसेल तर त्र्यंबक रोडच्या सिव्हिलला जा, डोळ्यांचा विभाग आहे. आणि शाळा-अंगणवाड्यांमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं ना, 2013 साली पालघरपासून सुरू झालेला तो कार्यक्रम, त्यात मुलांची नजर बघतात आणि गरज असेल तर पुढे मोफत उपचाराला पाठवतात. ते पथक आलं की बरेच पालक म्हणतात "आमचं आम्ही बघतो". म्हणू नका.

पट्टीचं नाव काढलं की आयांना पहिली भीती शाळेची असते, आधीच लंडन-टोकियो, त्यात आता समुद्री चाचा म्हणतील. तर डॉक्टरांना सरळ विचारा की तास घरी बसवता येतील का. सात वर्षांखालच्या मुलांवरच्या 2003 सालच्या एका अभ्यासात, मध्यम प्रमाणात नजर कमी असेल तर रोज 2 तास पट्टी आणि रोज 6 तास पट्टी यांचा परिणाम चार महिन्यांनी जवळपास सारखाच निघाला होता. तुमच्या लेकीला किती तास लागतील हे तिच्या नजरेवर ठरेल, आपल्या मनाने कमी करायचे नाहीत, पण संध्याकाळी घरी पट्टी लावून चित्र रंगवणं, मणी ओवणं, पत्ते खेळणं हे शाळेत लावून बसण्यापेक्षा पोरांना फार सोपं जातं. काही मुलांना पट्टीऐवजी चांगल्या डोळ्यात थेंब घालून त्याचं जवळचं दिसणं मुद्दाम अंधुक करतात, तोही पर्याय विचारा.

एक अगदी छोटी गोष्ट. तिच्यासमोर 'आळशी डोळा' म्हणू नका. आठ वर्षांच्या पोरीला 'आळशी' हा शब्द आधीच माहितीये, तो अभ्यास न करणाऱ्याला लावतात. माझ्या दादाला लहानपणी कोणीतरी हे सांगितलं आणि तो किती दिवस एका डोळ्याने भिंतीवरचं कॅलेंडर वाचायचा, त्याला मेहनत करायला लावायला. 'सुट्टीवर गेलेला डोळा' म्हणा, काहीही म्हणा.

दादाचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकते. आम्ही पंचवटीत वाड्यात वाढलो. दादाचा उजवा डोळा बाहेर जायचा. तो बोलायला लागला की समोरचा मागे वळून बघायचा, याने नक्की कोणाला हाक मारली म्हणून. हे दिवसातून दहा वेळा. दुकानदार, कंडक्टर, वर्गातले सर. सरांनी बोट न दाखवता "तू सांग" म्हटलं की दादा उठायचा नाही, कारण सर आपल्याकडेच बघतायत याची त्याला खात्री नसायची, आणि तो सरांकडे बघत असला तरी सरांना वाटायचं याचं लक्ष खिडकीबाहेर. प्रगतिपुस्तकावर शेरा, 'लक्ष विचलित असते'. क्रिकेटमध्ये कॅच सुटायचे. दोन्ही डोळे एकत्र काम करत नसले की खोलीचा, अंतराचा अंदाज नीट येत नाही, चेंडू येतोय की आला ते कळायला उशीर होतो, पण वाड्यात हे कोणाला ठाऊक, सगळे म्हणायचे धांदरट आहे. मग तो स्वतःच म्हणायला लागला की मी धांदरट आहे. वर्षातून एक दिवस दादा वेगळा असायचा, रंगपंचमीचा. शनी चौकातल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जमिनीतल्या मोठ्या हौदात, धप्पकन उडी मारून तो वर यायचा तेव्हा सगळ्यांचेच चेहरे एका रंगाचे, डोळ्यात पाणी, सगळेच डोळे मिचकावतायत, कोण कुठे बघतंय याची कोणाला पडलेली नाही. त्या दिवशी त्याचा आवाज पार दुसऱ्या गल्लीत ऐकू यायचा. मी काठावर उभी राहून बघायचे आणि मला तेव्हा वाटायचं याला रंग खेळायला आवडतं. बस एवढंच कळायचं मला.

म्हणून तुमच्या पत्रातलं ते 'लोकांकडे लक्ष देऊ नको असं तिला सांगते' हे वाक्य मला पटलं नाही. लक्ष न देण्यासारखं ते नाहीच. डोळ्यांचा एक उपयोग आपण विसरतो, मी तुझ्याशी बोलतेय हे समोरच्याला सांगणं. ती खूण चुकली की समोरचं मूल गोंधळतं, आणि लहान मुलं गोंधळली की चिडवतात. तिला जे जाणवतंय ते मनाचे खेळ नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये 3 ते 12 वयाच्या शंभराहून जास्त मुलांना एकाच मुलाचे जुळ्या भावंडांसारखे केलेले फोटो दाखवले होते, त्यातल्या एकाचा डोळा कॉम्प्युटरवर तिरळा केलेला, आणि विचारलं की तुझ्या वाढदिवसाला यातल्या कोणाला बोलवशील. वाढदिवसच! तुमचं पत्र वाचताना मला तोच अभ्यास आठवला, 2011 साली छापून आलेला. सहा वर्षांच्या आतल्या मुलांनी काही भेद केला नाही. सहाच्या पुढच्यांनी तिरळ्या डोळ्याच्या मुलाला कमी वेळा निवडलं. त्याच्या दहा वर्षं आधी अमेरिकेत बाहुल्या देऊन असंच काहीसं बघितलं होतं, तिथेही हा फरक साधारण सहाव्या वर्षाच्या आसपासच दिसायला लागला. म्हणजे पहिलीपर्यंत जी मुलं तिच्याशी खेळत होती ती दुष्ट झाली असं नाही, ती मोठी झाली, त्यांना दिसायला लागलं, आणि दिसलेल्याचं करायचं काय हे त्यांना कोणी शिकवलं नाही.

आणि तुमची लेक वाढदिवसाला कोणी नको म्हणतेय तेव्हा ती हिशोबच करतेय. बोलवलं नाही तर कोणी आलं नाही असं होणार नाही.

आता जरा अवघड बोलते. तुम्ही घरात विषय काढत नाही, तिला वाईट वाटू नये म्हणून. मला वाटतं ती गप्पगिरी तिला ऐकू येते. घरात तिच्या उंचीबद्दल बोलतात, केसांबद्दल बोलतात, पडलेल्या दातावर तर हसतातसुद्धा, आणि एका डोळ्यावर सगळे चूप. आठ वर्षांच्या मुलीला यातून काय कळेल? की हे बोलण्यासारखं नाही, म्हणजे काहीतरी वाईट आहे. फोटोंचं पण तेच. स्टेटस ती बघत नसेल असं वाटतं का तुम्हाला? आजकाल पोरं आपल्यापेक्षा जास्त बघतात. "आई हा नको, हा ठेव" असं तीच म्हणत असेल तर गोष्ट वेगळी, तिचा चेहरा आहे, तिची मर्जी. पण निवडणाऱ्या तुम्ही आहात. मायेने करताय हे मला कळतंय, आणि तरी म्हणते की ते थांबवून बघा. एक समोरून काढलेला, दात दाखवत हसणारा, चष्म्यातला फोटो ठेवा. त्यावर भाषण नको, मोटिव्हेशनल ओळ नको, 'माझी वाघीण' वगैरे तर अजिबात नको.

तुमच्या सासूबाईंचं मात्र मला गंमत वाटून गेलं. औषधपाण्याच्या बाबतीत त्यांचं ऐकायचं नाही हे नक्की, पण विचार करा, पूर्ण घरात त्या डोळ्याकडे सरळ बघून त्याच्याबद्दल चांगलं बोललेलं माणूस कोण? त्याच एकट्या. बाकी कोणी टाळतं, कोणी चकू म्हणतं, कोणी लग्नाचं काढतं. म्हणून त्यांना अंधश्रद्धा म्हणून उडवून लावू नका. "भाग्यवान आहे म्हणूनच वेळेत उपचार मिळतायत" असं म्हणा आणि डॉक्टरांकडे त्यांनाही न्या. पट्टीचे तास मोजायला आजीसारखं माणूस नाही, संध्याकाळच्या दिव्याबरोबर पट्टी हे एकदा त्यांच्या अंगवळणी पडलं की एक दिवस चुकणार नाही.

दिरांना मिस्टरांनी सांगायचं, तुम्ही नाही. "चकू बंद, आजपासून" एवढंच. लाडाने म्हणतात हे खरंय, पण तिला बाहेर असेच शब्द दगडासारखे लागतात, तर घरात तो गोड कसा लागणार. आणि घरचंच माणूस म्हणतं म्हटल्यावर बाहेरच्यांना कुठल्या तोंडाने थांबवणार?

मग तिच्याशी बोलायचं कसं? समोरासमोर बसवून गंभीर चेहऱ्याने नको. वेणी घालताना, स्कूटीवर, भाजी निवडताना. "तुझा एक डोळा आत जातो, तो का जातो ते मला आता कळलंय, सांगू?" असं काहीतरी, आणि मग ते नाकासमोरच्या बोटाचं करून दाखवा, मुलांना असले प्रयोग आवडतात. मग गप्प राहा. ती कदाचित म्हणेल "मला माहितीये" आणि उठून जाईल. जाऊ द्या. दोन दिवसांनी ती स्वतःहून काहीतरी विचारेल, बहुतेक झोपायच्या वेळी जेव्हा तुम्हाला प्रचंड झोप आलेली असेल. तेव्हा उत्तर द्या.

चिडवणाऱ्यांना द्यायला तिच्याकडे एक छोटं उत्तर असू दे, घरी दहा वेळा म्हणून घासलेलं. उलट टोमणा नको, टोमण्यात पोरं हुशार असतात, आपलं मूल हरतं. "हो, माझा डोळा आत जातो, ट्रीटमेंट चालू आहे. खेळायचंय का?" बस. ज्याला खरंच कुतूहल होतं त्याला उत्तर मिळतं, आणि ज्याला मजा हवी होती त्याची मजा थोडी कमी होते. लगेच बंद होईल असं म्हणत नाही.

शाळा बदलू का? माझं मत, आत्ता नको. नवीन शाळेतही सहाच्या पुढचीच मुलं आहेत आणि तिथे तिला ओळखणारं एकही नाही. आधी वर्गशिक्षिकेला भेटा, पालकसभेच्या गर्दीत नाही, वेगळी वेळ मागून. तक्रारीने सुरुवात करू नका, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जा आणि मदत मागा: चष्मा पूर्ण वेळ घालायचा आहे तेवढं बघाल का, कुठल्या बाजूला बसवलं तर तिला फळा नीट दिसेल (हे डॉक्टरांना विचारून जा), आणि प्रश्न विचारताना नाव घेऊन विचाराल का. नाव घेणं ही इतकी साधी गोष्ट आहे, आमच्या दादाची दहा वर्षं त्याने सोपी झाली असती. लेझीमचंही बोला. मागच्या रांगेत उंचीमुळे उभी केली असेल तर प्रश्नच नाही, पण बाईंनी न बोलता काही ठरवलं असेल तर त्यांनाही ते एकदा मोठ्याने ऐकू येऊ दे. फक्त एक विनंती करा, वर्गात सगळ्यांसमोर तिला उभं करून "हिला कोणी चिडवायचं नाही" असं नको. त्यासारखं वाईट काही नाही. चष्मा हिसकावणं, लपवणं, ढकलणं, रोज घेरून चिडवणं असं चालू असेल तर मात्र मुख्याध्यापकांना लेखी द्या, पोच घ्या. आणि लेखी देऊनही शाळा ढिम्म असेल तर बदला शाळा, तेव्हा मी अडवणार नाही.

ऑपरेशनबद्दल तुमच्या पत्रात जो शब्द मला खटकला तो 'संपेल'. थोडं सविस्तर सांगते, कारण याच प्रश्नाची अजून तीन पत्रं माझ्याकडे पडून आहेत. पहिलं, प्रत्येक तिरळ्या डोळ्याला ऑपरेशन लागत नाही. चष्म्याने डोळा पूर्ण सरळ होत असेल तर चष्मा हाच उपचार, तिथे ऑपरेशन करतच नाहीत. तुमच्या लेकीसारखा अर्धवट सरळ होत असेल तर आधी नंबर नीट काढून तो चष्मा पूर्ण वेळ घालून बघतात, नजर कमी असेल तर तिच्यावर काम करतात, आणि मग उरलेल्या वळणापुरतं ऑपरेशन. दुसरं, डोळा काढून बाहेर ठेवतात आणि परत बसवतात ही जी कथा गावोगावी फिरते ती साफ खोटी. डोळ्याला बाहेरून सहा स्नायू असतात, त्यातल्या एखाद-दुसऱ्याची जागा बदलतात किंवा तो आखूड करतात. लहान मुलांना पूर्ण भूल देतात, बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी सोडतात, डोळा काही आठवडे लाल दिसतो. कधीकधी काही वर्षांनी पुन्हा करावं लागतं. आणि नंतरही चष्मा राहतो, गरज असेल तर पट्टीही.

आणि 'दिसण्यासाठीच' म्हणतात ना मिस्टर, त्यांना विचारा, समोरच्याच्या डोळ्यात बघून बोलता येणं हे नुसतं दिसणं आहे का? तुटलेला हात वाकडा जुळला तर तो सरळ करतो तेव्हा आपण त्याला सौंदर्य म्हणत नाही. त्यामुळे डॉक्टर म्हणाले तर करा, अपराधी वाटून न घेता करा. पण मुलीला "ऑपरेशन झालं की कोणी चिडवणार नाही" असं वचन देऊ नका, तिला "डोळे दोघं मिळून बघायला शिकतील याला मदत होईल" एवढंच सांगा. दादाने चौतिसाव्या वर्षी करून घेतलं, हो, मोठेपणीही करतात. डोळा छान सरळ आला. पण तो अजूनही बोलताना कपाळावर हात धरतो, ऊन लागल्यासारखा. वहिनी हळूच तो हात खाली घेते. डोळ्याचा स्नायू तासाभरात सरळ झाला, हाताला अजून कळलेलं नाही. तुमची लेक आत्ता चष्मा लपवतेय, तोंड फिरवतेय, ती सवय वेगळी सोडवावी लागेल, आणि त्यासाठी ऑपरेशनची वाट बघायची गरज नाही. दोन-तीन महिन्यांत ती जास्तच मिटायला लागली, शाळेच्या नावाने पोट दुखायला लागलं, जेवण-झोप बिघडली, तर मुलांसोबत काम करणाऱ्या समुपदेशकाकडे न्या, त्यात काही मोठी गोष्ट नाही.

बाकी वाचणाऱ्यांसाठी मधेच थोडं. तान्ह्या बाळाचे डोळे पहिले तीन-चार महिने अधूनमधून इकडेतिकडे जातात, त्यानंतरही जात असतील तर दाखवायचं, 'मोठं झालं की जाईल' म्हणून थांबायचं नाही. काही बाळांचं नाक चपटं-रुंद असतं म्हणून डोळे नुसते तिरळे वाटतात, पण ते वाटणं आहे की खरंच आहे हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. फ्लॅशच्या फोटोत एका बाहुलीत लाल ऐवजी पांढरी चमक दिसली तर त्याच आठवड्यात, शक्य तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, क्वचित तिथे डोळ्याचा कॅन्सर असतो आणि तिरळेपणा ही त्याची खूण असू शकते. मोठ्या मुलाचा डोळा अचानक वळला, एकाचे दोन दिसायला लागले, सोबत डोकेदुखी-उलट्या, तर थांबायचंच नाही. आणि जी मुलं उन्हात गेली की एकच डोळा बारीक करतात, किंवा दमली की ज्यांचा डोळा बाहेर जातो आणि हाक मारली की परत येतो, त्यांना 'नखरे करतो' म्हणू नका, तपासा. घरात एकाला असेल तर भावंडांचे डोळेही तपासून घ्या.

राहिला वाढदिवस. पंचवीस पोरं, हॉल, फुगे, डीजे, ते या वर्षी राहू द्या. तिला विचारा, वर्गातली एक कोण चालेल? एक तर असेलच, डबा वाटून खाणारी. नाही म्हणाली तर खरंच नाही, तिच्या हिशोबाचा मान ठेवा. पण एखादं नाव आलं तर तिला आणि मावशीच्या मुलांना घेऊन सकाळी लवकर पांडवलेणीला जा, पायऱ्या चढा (उतरताना तिच्या जवळ राहा, अंतराचा अंदाज चुकू शकतो, हात धरलाय असं न दाखवता), वर बसून डबे खा, खाली येऊन मिसळ. चालता चालता पोरं शेजारी शेजारी असतात, समोरासमोर बघावं लागत नाही, त्यामुळे बोलणं सोपं जातं. केक संध्याकाळी घरी. एक मैत्रीण वर्गात तिच्या बाजूने उभी राहिली तरी लंडन-टोकियोची धार निम्मी होते.

डॉक्टरांची वेळ सकाळची घ्या. नंबर नीट काढायला बाहुली मोठी करणारं औषध घालतात, त्यानंतर जवळचं अंधुक दिसतं आणि उन्हात डोळे दिपतात, औषध कुठलं त्यावर काही तास ते काही दिवस. टोपी घेऊन जा, त्या दिवशी शाळा बुडवा, आणि चाचणीचा आठवडा टाळा. जुना चष्मा आणि दीड वर्षापूर्वीचा कागद सापडला तर सोबत न्या. कागद बहुतेक गॅसच्या पुस्तकात असेल, आमच्याकडे सगळे कागद तिथेच सापडतात.